मीटर रूममधला तो दांडा

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीच्या २५ वर्षांचा आर्थिक आढावा’ हा विषय दिला होता. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? त्यासाठी मी ऑफिसातल्या कपाटातून इतिवृत्ताच्या जुन्या वह्या घरी आणल्या आणि २००० सालापासून पानं उलटायला सुरुवात केली. २००६ आणि २००७ सालच्या दोन नोंदींपाशी अडकलो तो पुढे सरकलोच नाही. आर्थिक आढावा राहिला बाजूला. समितीने मला माफ करावं. आकडे हिशेबतपासनिसांच्या अहवालात आहेतच, ज्यांना हवेत त्यांनी तिथे पाहावेत.

पहिली नोंद ऑगस्ट २००६ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेची. ‘जनरेटर जोडणीसाठी चेंजओव्हर स्विच व स्वतंत्र पॅनेल बसविण्याचा रु. ४२,०००/- चा अंदाज सभेपुढे ठेवण्यात आला. सध्याची व्यवस्था समाधानकारक असल्याने सदर खर्चाचा विचार पुढील वर्षी करावा, असे कोषाध्यक्षांनी सुचविले व ते सर्वानुमते मान्य झाले.’

दुसरी नोंद जून २००७ च्या समिती सभेची. ‘बदली रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे घडलेल्या प्रकाराबद्दल सुरक्षा एजन्सीला पत्र देऊन त्यास तात्काळ बदलण्यास सांगावे.’

कोषाध्यक्ष मी होतो. अक्षरही दोन्हीकडे माझंच. तेव्हाच्या सेक्रेटरींचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून इतिवृत्त मी लिहायचो. या दोन नोंदींपैकी पहिली चुकीच्या निर्णयाची आहे आणि दुसरी खोटी आहे. हे इतक्या वर्षांनी का सांगतो आहे ते लेख वाचल्यावर कळेल.

नव्या पिढीला भारनियमन हा शब्दच ठाऊक नाही. आपल्या कल्याणमध्ये तो २००५ च्या सुमारास घराघरात रोजचा झाला. खरी मेख आधीची होती. राज्यात मागणी वाढत गेली आणि त्या मानाने नवी वीज आली नाही. दाभोळच्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि दराच्या वादात २००१ मध्ये बंदही पडला. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, पण कंपन्या तीन केल्या म्हणून वीज तिप्पट होत नाही. संध्याकाळच्या वेळी चार-पाच हजार मेगावॅटची तूट पडायची. मग ज्या भागात वीजगळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, त्या भागाला अंधार जास्त असे गट पाडले गेले. बँकेतल्या माणसाला हा हिशेब पटण्यासारखा होता. फक्त बिल वेळेवर भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा व्हायची, तेवढं सोडून.

गंमत म्हणजे आपल्या इथून हाकेच्या अंतरावर, ठाकुर्लीला, रेल्वेचं चोळे पॉवर हाऊस. या पट्ट्यातल्या आगगाड्या एके काळी त्याच्या विजेवर पळायच्या. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या किती तरी आधी ते बंद पडलेलं होतं. गच्चीवर अंधारात बसलं की जुनी मंडळी त्या दिशेला बोट दाखवून मुलांना सांगायची, ‘तिथे वीज बनायची.’ मुलांना ती थाप वाटायची.

भारनियमन तरी वेळापत्रकाने येतं. २६ जुलै २००५ ला वेळापत्रक नव्हतं. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण इकडे उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांनी काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. आपल्या आवारात कमरेच्या वर पाणी होतं. मीटर रूम जिन्याखाली, रस्त्याच्या पातळीला. बिल्डरने जिथे दुसरं काही बसत नव्हतं तिथे ती बसवली होती. मीटर, कटआउट, मेन स्विच सगळं रात्रभर गढूळ पाण्याखाली.

पाणी ओसरलं, वीज चौथ्या दिवशीही आली नव्हती. ५६ घरं, खालच्या टाकीत टँकरचं पाणी आणि वर चढवायला पंप नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी बादलीभर पाण्यासाठी जिन्यात बसून रडल्याचं मला आठवतं. तेव्हा आपल्या एका उत्साही सभासदाने मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. पोर्टेबल म्हणजे हातात उचलून न्यायचा नव्हे, चाकांच्या गाड्यावर बसवलेला, १५ केव्हीएचा, डिझेलवर चालणारा. जीपला बांधून ओढत आणला.

आता जोडायचा कसा? मीटर रूममध्ये कॉमन मीटरच्या पुढे एक लोखंडी पेटीचा मेन स्विच होता. इलेक्ट्रिकवाले त्याला आयसीटीपी म्हणतात. बाजूला दांडा असतो, वर केला की चालू, खाली केला की बंद. त्याच्यापुढे पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे. पंपाच्या बोर्डावर एक थ्री फेज सॉकेट होतं, बांधकामाच्या वेळी वेल्डिंगसाठी बसवलेलं. वायरमनने एका जाड केबलला दोन्ही टोकांना पिनांचे टॉप बसवले. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं त्या सॉकेटमध्ये. मेन स्विचचा दांडा खाली ओढला की बाहेरच्या लाइनशी संबंध तुटला, मग जनरेटर चालू. पंप घरघरला आणि आवारात टाळ्या पडल्या. सोसायटीतल्या पोरांनी त्या दोन तोंडांच्या केबलला ‘मांडूळ’ नाव ठेवलं.

पोरांनी नाव बरोबर ठेवलं होतं. सॉकेट हे वीज देण्यासाठी असतं, म्हणून त्याला भोकं असतात, बोट लागू नये अशी. पिना वीज घेण्यासाठी असतात. मांडुळाचं एक तोंड जनरेटरमध्ये खुपसलेलं असताना दुसरं कुणी उपसलं, तर उघड्या पितळी पिनांवर ४१५ व्होल्ट. ती केबल आवारात, मुलं क्रिकेट खेळायची त्याच्या कडेने पसरलेली असायची. दोन वर्षं.

पूर ओसरल्यावर मीटर बदलून मिळाले. मेन स्विच मात्र आपला होता. तो बदलायचा, असं वायरमन म्हणाला होता. मी म्हटलं, वाळव. त्याने तो उघडून वाळवला, कानस-पॉलिशपेपर मारला, ग्रीस लावलं आणि परत बसवला. या खात्यावर मी दोनेक हजार वाचवले. ताळेबंदात ते कुठेच दिसत नाहीत, पण मला तेव्हा त्याचा अभिमान होता.

नंतर भारनियमन रोजचं झालं तसा जनरेटर महिन्याच्या भाड्याने गेटजवळ कायमचा उभा राहिला. पाणी चढवायचं असेल किंवा संध्याकाळी लिफ्ट हवी असेल तेव्हा वॉचमनने क्रमाने चार गोष्टी करायच्या: दांडा खाली, मांडूळ जोड, जनरेटर चालू, मग पंप. वीज आल्यावर उलट क्रमाने. आमचा कायमचा वॉचमन हे झोपेतही करायचा. आम्ही यालाच ‘समाधानकारक व्यवस्था’ म्हणत होतो.

२००६ च्या सभेपुढे आलेला अंदाज एका परवानाधारक कंत्राटदाराचा होता. वयस्कर गृहस्थ, उमेदवारी ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये केलेली. त्यांनी मांडूळ पाहिलं आणि खुर्चीवर बसलेही नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुमची वीज तुमच्या पंपापर्यंतच थांबेल असं तुम्हाला कोणी सांगितलं?’ त्यांनी समजावलं ते असं. वीज तारेत एकाच दिशेने वाहते अशी आपली समजूत असते, कारण ती नेहमी रस्त्यावरून घरात येते. तारेला ते माहीत नसतं. दांडा खाली करायचा राहिला, तर जनरेटरची वीज मेन स्विचमधून उलटी मीटरकडे, तिथून सर्व्हिस केबलने रस्त्यावर आणि रस्त्यावरून डीपीकडे जाते. आणि ट्रान्स्फॉर्मर हे दोन्ही बाजूंनी चालणारं यंत्र आहे. एरवी ११,००० व्होल्टचे ४१५ करतो, तसा खालून ४१५ दिले तर वर ११,००० करतो. त्या तारांवर त्या वेळी कोणी काम करत असेल तर तो लाइन बंद आहे या विश्वासाने चढलेला असतो. शिवाय उलटंही होतं. जनरेटर चालू आणि बाहेरची वीज अचानक आली, तर दोघांची गाठ पडते आणि जनरेटर जळतो. असा जनरेटर लावताना वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना ३० दिवस आधी लेखी कळवावं लागायचं, १९५६ च्या इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये तेव्हा तसं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही कळवलं नव्हतं.

मी विचारलं, ‘दांडा खाली केला तर काही धोका नाही ना?’ ते म्हणाले, ‘केला तर.’ त्या ‘तर’चे रु. ४२,००० मला जास्त वाटले.

इथे मला माझ्या बँकेचं सांगायला हवं, कारण माझा गुन्हा अज्ञानाचा नव्हता. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा जनरेटरही आला. मागच्या दाराशी भिंतीवर एक राखाडी पेटी होती, मधोमध दांडा, त्यावर तीन खुणा: मेन, बंद, जनरेटर. लाईट गेली की शिपाई तो दांडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फिरवायचा. मी दहा वर्षं ते रोज पाहिलं. तो चेंजओव्हरच होता. त्याच्या पोटात दोन्ही बाजूंना एकाच दांड्याची पाती. मेनच्या बाजूला असली तर जनरेटरच्या बाजूला असूच शकत नाहीत, जसं दाराचं एक पान दोन चौकटींत एकाच वेळी बसत नाही. शिपाई विसरला, घाईत असला, नवा असला तरी फरक पडत नाही. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. मॅनेजर प्रामाणिक आहे म्हणून एक किल्ली पुरे, असं कोणी म्हटलं असतं तर मीच इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये शेरा मारला असता. आणि सोसायटीत मी म्हणत होतो, आपला वॉचमन चांगला आहे, त्याच्या लक्षात असतं.

जून २००७. पावसाच्या तोंडावर कोणी तरी रस्ता खणला आणि आपल्या बिल्डिंगची सर्व्हिस केबल दुखावली. सकाळपासून वीज नव्हती. कायमचा वॉचमन लग्नासाठी गावी गेलेला, एजन्सीने दिलेला बदली माणूस होता. चार दिवसांपूर्वी आलेला, विशी-बाविशीचा, हिंदी बोलणारा. दुपारी दोनच्या सुमारास पाणी संपलं, सेक्रेटरींनी वरूनच ओरडून जनरेटर लावायला सांगितलं. शनिवार होता, मी अर्ध्या दिवसाची शाखा उरकून नुकताच आलो होतो. जनरेटर सुरू झाला पण आवाज नेहमीचा नव्हता. चढावर भरलेला ट्रक ओढावा तसा जड. समोरच्या घरातून आवाज आला, ‘वहिनी, लाईट आली वाटतं, पंखा फिरतोय. पण अगदीच हळू.’ आमच्या घरी नव्हती आली. मी वर पाहिलं तेवढ्यापुरतंच.

पाच मिनिटांत गेटवर एक लाइनमन उभा. एका हातात होल्डर, त्यात बल्ब, दोन वायरी लोंबकळताहेत. आपल्या कोपऱ्यावर खड्ड्यात तो केबलचा जोड करायला उतरला होता. रस्त्यावरच्या पिलरमधले फ्यूज त्याने स्वतः काढून खिशात ठेवले होते, त्यामुळे केबल मेलेली असायलाच हवी होती. कापायच्या आधी त्याने सवयीने टेस्ट लॅम्प लावला आणि बल्ब लागला. मंद, पण लागला.

तो ओरडला नाही. जनरेटर बंद करायला लावला, मांडूळ पाहिलं आणि मला म्हणाला, ‘काका, मी दर वेळी दिवा लावतो असं नाही बरं का. पावसात घाई असते.’ मग खिशातले फ्यूज एकदा चाचपले आणि परत खड्ड्याकडे गेला. संध्याकाळी सहाला वीज आली. त्याने तक्रार केली नाही. मी चहा पाठवला होता, तो घेतला नाही.

बदली वॉचमनला आम्ही ऑफिसात बोलावलं. समितीचे सात जण आणि तो एकटा उभा. ‘मेन क्यों नहीं गिराया?’ तो सारखं एकच म्हणत होता, ‘गिराया था साहब. हैंडल नीचे ही था.’ कोणी तरी म्हणालं, आता आम्ही आल्यावर खाली केला असेल. मला ते पटलं. आमच्यापैकी सगळ्यांनाच पटलं, कारण ते सोयीचं होतं. त्याच आठवड्यात त्याला काढलं आणि मी इतिवृत्तात ‘निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं.

त्यानंतर मात्र मी पैशाबद्दल एक अक्षर बोललो नाही. विशेष सर्वसाधारण सभा झाली, सिंकिंग फंडाला हात न लावता प्रत्येक घराकडून वर्गणी निघाली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कंत्राटदारांना काम दिलं. अंदाज आता वाढला होता, ते ओघानेच आलं.

कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी जुना आयसीटीपी उघडला आणि मला हाक मारली. दांडा खाली होता. पेटीत तीन पाती असतात, तीन फेजची, एका आडव्या दांडीवर बसवलेली. दांडा खाली केला की तिन्ही एकदम आपापल्या जबड्यांतून बाहेर येतात. दोन आली होती. तिसरं, लाल फेजचं, पुराच्या पाण्याने गंजून, मग तापून तापून दांडीपासून सुटलं होतं आणि जबड्यात तसंच रुतून बसलं होतं. बाहेरून दांडा ‘बंद’ दाखवत होता, आतून एक फेज जोडलेली.

ते म्हणाले, ‘त्या दिवशी उजेड किती घरांत आला होता?’ मी घरी येऊन सौ.ला विचारलं. ती म्हणाली, ‘आपल्याकडे कुठे आला? समोर आला, खाली २०१ ला आला, पाटीलवहिनींकडे नाही.’ जी घरं आठवली त्यांचे मीटर आम्ही बोर्डावर पाहिले. सगळी लाल पट्टीची. मेन खरोखर चालू राहिला असता तर ५६ च्या ५६ घरांत पंखे फिरले असते. त्या पोराने दांडा खाली केला होता.

माझी एक शंका उरली. पातं आधीच सुटलं असेल तर आधी असं का झालं नाही? ते हसले. ‘झालं असेल. जनरेटर कधी बसला होता?’ बसला होता. त्या घटनेच्या आधीच्या आठवड्यात भारनियमनाच्या वेळी दोनदा सुरू होताच गचकून बंद पडला होता, आणि डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणून मी भाडेवाल्याशी भांडून त्याचे पैसे अडवून ठेवले होते. भारनियमनात सगळा रस्ता आपल्या केबलला जोडलेला असतो. त्या एका पात्यातून आमचा जनरेटर अख्ख्या गल्लीचा भार ओढू पाहत होता आणि दम लागून बंद पडत होता. त्या शनिवारी लाइनमनने फ्यूज काढल्यामुळे गल्ली सुटली, भार फक्त आपल्या काही घरांचा राहिला, म्हणून तो तग धरून चालला. नेमका ज्या दिवशी खड्ड्यात माणूस होता त्या दिवशी.

नवीन काम कसं झालं तेही नोंदवून ठेवतो, कारण समितीत येणाऱ्या मंडळींना त्याची कारणं माहीत नसतात आणि दर तीन वर्षांनी कोणी तरी ‘हे काढून टाकलं तर?’ असं विचारतं.

मीटर हलवता आले नाहीत, पण कॉमनचं सगळं पॅनेल पुराच्या खुणेच्या दोन फूट वर, जिन्याच्या पहिल्या वळणावर नेलं. त्यात चार पोलचा चेंजओव्हर बसवला. तीन फेजचे तीन आणि चौथा न्यूट्रलचा. न्यूट्रलसाठी वेगळे पैसे कशाला, असं मी सवयीने विचारलंच. न्यूट्रल जोडलेला राहिला तर एका बाजूचा दोष त्या वाटेने दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो, तोडायची तर वाट पूर्ण तोडायची, असं उत्तर मिळालं. न्यूट्रलची जोडणी सैल राहू द्यायची नाही, हेही त्यांनी बजावलं. तो सुटला तर काही घरांत २३० च्या जागी किती तरी जास्त व्होल्टेज जातं आणि टीव्ही-फ्रीज जळतात. दांड्याला मधली ‘बंद’ खूण आहे. तिथे क्षणभर थांबूनच पलीकडे जायचं.

मांडूळ गेलं. बाहेरच्या भिंतीवर झाकणाची पेटी बसवली, तिच्यात पिना आत खोल, आणि त्या चेंजओव्हरच्या जनरेटरच्या बाजूला जोडलेल्या. केबलच्या बिल्डिंगकडच्या टोकाला आता भोकांचा कनेक्टर आहे. केबल कुठूनही उपसली तरी जिवंत पिना कोणाच्या हाताला लागत नाहीत. जनरेटरच्या अंगाला दोन वेगळ्या अर्थिंगच्या पट्ट्या आणि न्यूट्रलला वेगळं अर्थिंग. त्यासाठी बागेच्या कडेला खड्डे खणून कोळसा-मीठ भरलं. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं. हल्ली कोणी घालत नाही, हे मी या निमित्ताने समितीच्या कानावर घालतो. किटकॅटचे फ्यूज काढले, कारण त्यांत फ्यूजतारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली सापडली. म्हणजे जे वितळायला हवं तेच न वितळणारं. त्या जागी एमसीबी आले. पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर लावला, कारण मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढते आणि छोटा जनरेटर तिथेच नांगी टाकतो. म्हणून आधी पंप, तो सुरळीत झाला की मग लिफ्ट.

काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदारांनी वीज कंपनीला आणि निरीक्षक कार्यालयाला पत्रं करून दिली. मग चाचणी. त्यांनी दांडा जनरेटरच्या बाजूला टाकला, जनरेटर चालू केला आणि मला खाली मेनच्या तारांवर टेस्ट लॅम्प लावायला सांगितला. बल्ब लागला नाही. मी तो बराच वेळ धरून उभा होतो.

पुढे भारनियमन हळूहळू कमी झालं आणि भाड्याचा जनरेटर परत गेला. चेंजओव्हर तसाच राहिला. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली त्या रात्री आपल्या आवारात परत पाणी आलं. खबरदारी म्हणून वीज बंद होती. दुसऱ्या दिवशी आपल्याच एका सभासदाच्या मुलाने जनरेटर मागवला. त्याने यापूर्वी कधी हे केलेलं नव्हतं, वॉचमन नवा होता आणि मी मुलीकडे पुण्याला होतो. फोनवर त्याला विचारलं, जमलं का? म्हणाला, ‘काका, त्यात काय? दांडा दोनच बाजूंना जातो.’

आता गच्चीवर सोलर बसवायचा विषय चालू आहे. त्याच्या इन्व्हर्टरमध्ये बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडण्याची सोय असते, कारण प्रश्न तोच, बंद लाइनवर चढलेला माणूस. पण काही घरांत बाल्कनीत ठेवायचे छोटे जनरेटर आणि इन्व्हर्टर आहेत, आणि त्यातला एक मी दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने भिंतीच्या सॉकेटला जोडलेला पाहिला आहे. नाव लिहीत नाही. संबंधितांनी या आठवड्यात वायरमनला बोलवावं, मी वरचेवर चहाला येणार आहे.

राहिलं त्या मुलाचं. ऑक्टोबरमध्ये पातं सापडल्यावर मी एजन्सीला फोन केला होता. तो कुठे गेला ते त्यांना सांगता आलं नाही. समितीपुढे मी विषय काढला, सगळे हळहळले, आणि इतिवृत्तात दुरुस्ती करायची राहून गेली. म्हणजे मीच केली नाही. जुनी नोंद खोडली की हिशेबतपासनीस विचारतील, हे मी स्वतःला दिलेलं कारण. आता वही चाळताना त्याचं नाव शोधलं. मी ते लिहिलेलंच नाही, नुसतं ‘बदली रखवालदार’.

जून २००७ च्या त्या नोंदीत दुरुस्ती करावी, असा लेखी अर्ज मी या महिन्याच्या समिती सभेसाठी सेक्रेटरींकडे दिला आहे. तो जुना आयसीटीपी मी तेव्हा भंगारात जाऊ दिला नाही. पंपाच्या खोलीत वरच्या फळीवर आहे, लाल फेजचं पातं अजून जबड्यात आहे. किल्ली ऑफिसात मिळेल.